गियरबॉक्सचं ऑइल: कुठल्या गाडीत कुठलं टाकायचं आणि घरी कसं बदलायचं

इंजिन ऑइलची तारीख लोकांना तोंडपाठ असते, पण गियरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारलं की निम्मे लोक "ते वेगळं असतं का?" म्हणून आपल्यालाच विचारतात. आणि ज्यांना माहितीये त्यांच्यातलेही बरेच जण गॅरेजवाला म्हणतो तसं ९० नंबर टाकून मोकळे होतात. ९० नंबर म्हणजे सगळ्या रोगांवर एकच गोळी असं झालंय. काही गाड्यांना ते बरोबर आहे, काही गाड्यांचा क्लच त्याने बाद होतो, म्हणून आधी कुठलं ऑइल ते बघू आणि मग पाने हातात घेऊ.

आधी तुमच्या गाडीला वेगळं गियर ऑइल आहे का ते बघा. स्प्लेंडर, शाईन, पल्सर, यूसीई इंजिनवाल्या (इंजिन आणि गियरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) बुलेट-क्लासिक, अशा आजच्या जवळजवळ सगळ्या फोर स्ट्रोक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गियरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे इंजिन ऑइल बदललं की गियरबॉक्सचंही झालं. वेगळं ऑइल असतं ते टू स्ट्रोक गाड्यांना (आरएक्स १००, येझदी, जुनी चेतक, एलएमएल), कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटला, आणि सगळ्यात जास्त संख्येने असलेल्या पण कुणाच्या ध्यानात नसलेल्या बिनगियरच्या स्कूटरला. हो, ॲक्टिव्हा, जुपिटर, ॲक्सेस यांना गियर बदलायचे नसले तरी मागच्या चाकाजवळ गियरचा एक छोटा डबा असतो, बेल्टकडून आलेला वेग कमी करून चाकाला देणारा, आणि त्यात स्वतःचं ऑइल असतं. सर्व्हिसच्या बिलावर कधी फायनल ड्राइव्ह ऑइल, कधी ट्रान्समिशन ऑइल, कधी नुसतंच गियर ऑइल असं लिहिलेलं असतं ते हेच.

ऑइल निवडताना पहिला प्रश्न: क्लच यात बुडलेला आहे का?

नंबर, ब्रँड, सिंथेटिक की मिनरल हे सगळं नंतर. आरएक्स १००, येझदी, चेतक यांचा क्लच गियरबॉक्सच्याच ऑइलमध्ये फिरतो. तिथे ईपी ९० (ईपी म्हणजे जास्त दाब सहन करणारं) वगैरे गियर ऑइल टाकलं तर दोन गोष्टी होतात, थंड गाडीत प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात म्हणजे क्लच दाबला तरी पूर्ण सुटत नाही आणि पहिला गियर खाडकन पडतो, आणि वर त्यातली रसायनं प्लेटांच्या लायनिंगमध्ये मुरली की चढावर क्लच स्लिप व्हायला लागतो. मग लोक क्लच प्लेट बदलतात, ऑइल तेच ठेवतात, आणि पुन्हा तेच रडगाणं. अशा गाड्यांना फोर स्ट्रोक मोटरसायकलचं साधं इंजिन ऑइल चालतं, डब्यावर जासो (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. एमबी लिहिलेलं नको, ते बिनगियरच्या स्कूटरच्या इंजिनासाठी असतं, घर्षण कमी करणारं, आणि ओल्या क्लचला नेमकं घर्षणच हवं असतं. कारचं पातळ इंजिन ऑइलही याच कारणासाठी नको.

इथेच एक गोंधळ निस्तरून टाकू. टू स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये जातं ते टू-टी ऑइल, जळून जाण्यासाठी बनवलेलं. गियरबॉक्समध्ये ते कधीही टाकायचं नाही. "टू स्ट्रोकला टू-टी" एवढंच पाठ असलेली पोरं गॅरेजात असतात, म्हणून समोर उभं राहून बघा.

क्लच ऑइलबाहेर असेल तर गियर ऑइल चालू शकतं, मग दुसरा प्रश्न येतो की आत पितळ-ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या) आहेत का. कास्ट आयर्न बुलेटच्या जुन्या चार स्पीड अल्बियन गियरबॉक्समध्ये ब्राँझचे बुश आहेत. इथे डब्यावरचं जीएल-४ की जीएल-५ (हे गियर ऑइलचे दर्जे) हे महत्त्वाचं ठरतं. जीएल-५ मध्ये जास्त दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात (गियर ऑइलचा तो हाताला दिवसभर राहणारा उग्र वास गंधकाचाच), आणि ऑइल तापलं की हे गंधक पिवळ्या धातूंना खातं. सगळी जीएल-५ ऑइलं सारखीच वाईट असं नाही, पण दुकानात जीएल-४ मिळत असताना जुन्या बुलेटमध्ये जीएल-५ टाकायचं कारणच नाही. "५ म्हणजे ४ पेक्षा भारी" हा हिशोब इथे चालत नाही.

जीएल-५ कुठे लागतं? शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या मोटरसायकलींना. बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेतल्या बॉक्सर गाड्या, होंडा गोल्ड विंग, मोटो गुझी, यांच्या मागच्या चाकापाशी फिरणं काटकोनात वळवणारे गियर असतात, त्यांचे दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि दाब प्रचंड असतो, तिथे हायपॉइड गियरचं ऑइलच हवं. प्रमाण अगदी थोडं, जीएसला तर पाव लिटरच्या आसपासच लागतं. आपल्याकडे अशा गाड्या कमी, पण परदेशात राहणाऱ्या मंडळींकडे असतात, त्यांच्यासाठी सांगतो की बदलायची पद्धत खाली स्कूटरची सांगितलीये त्याच धर्तीची आहे, फक्त ऑइलचा नंबर आणि बोल्टचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते) गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

आता नंबर. ८०डब्ल्यू-९० हे २०डब्ल्यू-५० पेक्षा फार जाड असणार असं वाटतं, पण तसं नाहीये, कारण इंजिन ऑइलची पट्टी वेगळी आणि गियर ऑइलची वेगळी. १०० डिग्रीला ९० नंबरचं गियर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकमध्ये (हे ऑइलची जाडी मोजायचं माप) बसतं, आणि इंजिन ऑइलमधलं ५० नंबर १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे तापल्यावर ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपासच पडतं. फरक जाडीचा कमी आणि आतल्या रसायनांचा जास्त. म्हणून "आमच्या गियरबॉक्सला जाड ऑइल हवं म्हणून ९०" हे बोलणं मुळातच गडबडीचं आहे.

ऑइल घेताना सीलबंद डबाच घ्या. पुण्यात नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर, अशा ठिकाणी सगळं मिळतं, सुटं ऑइलही मिळतं, ट्रॅक्टर-रिक्षावाले नेतात, पण सुट्यामध्ये जीएल किती आणि जासो काय हे कुणालाच सांगता येत नाही. ऑइलबरोबर ड्रेन बोल्टचे वॉशर घ्या, दोन जास्तीचेच घ्या, काही रुपयांची गोष्ट आहे.

बिनगियरची स्कूटर

सगळ्यात सोपं काम, अर्ध्या तासाचं. ॲक्टिव्हाला साधारण १२० मिली ऑइल लागतं, होंडाची त्याच मापाची छोटी बाटली मिळते, १०डब्ल्यू-३० असते. बाकीच्या स्कूटरनाही १०० मिलीच्या आसपासच लागतं पण नंबर कंपनीप्रमाणे बदलतो, काहींना इंजिन ऑइलसारखं तर काहींना गियर ऑइल सांगितलेलं असतं, तेव्हा मॅन्युअलचं ते एक पान बघाच. क्लच इथे कोरडा, बेल्टच्या बाजूला असतो, त्यामुळे क्लचची काळजी नाही.

सामान म्हणाल तर बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट (बऱ्याच स्कूटरना १२ चा लागतो), पसरट डबा, चिंध्या, आणि मेडिकलमधून ६० मिलीची मोठी सिरिंज व सलाईनच्या नळीचा वीतभर तुकडा. ही सिरिंज फार कामाची. भरायचं भोक मागच्या चाकाजवळ अडचणीच्या जागी असतं, तिथे नरसाळं बसत नाही, बाटलीने ओतायला गेलात तर अर्धं ऑइल टायरवर. सिरिंजने दोनदा पूर्ण भरून ढकललं की ॲक्टिव्हाचे १२० मिली बरोबर होतात, मोजमाप वेगळं लागतच नाही.

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. सपाट जागी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, आणि सायलेन्सर तापलेला असणार त्याच्यापासून हात सांभाळा. आता मागच्या चाकाच्या मध्यापाशी गियरचा डबा बघा, खाली एक बोल्ट तो ड्रेनचा, वरच्या अंगाला मागे दुसरा तो भरण्याचा आणि लेव्हलचाही. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट याच्या पुढे, इंजिनखाली असतो, तो चुकून खोललात तर इंजिन रिकामं होईल, म्हणून खोलण्याआधी बोटाने दाखवून खात्री करून घ्या.

आणि हा नियम सगळ्या गाड्यांना लागू आहे, लक्षात ठेवा: आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवून बघायचा, तो सुटला तरच खालचा खोलायचा. वरचा गंजून बसलेला असेल, त्याचं डोकं गोल झालं असेल, आणि तुम्ही खालचं ऑइल सोडून मोकळे झाला असाल, तर गाडी ऑइलविना तिथेच उभी. कोकणातल्या गाड्यांना तर हे हमखास होतं, खाऱ्या हवेने बोल्ट असे बसलेले असतात की आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवलेला बरा.

वरचा सुटला, आता बोल्टभोवतीची माती चिंधीने पुसा, खालचा खोला, डबा खाली धरा. धार संपल्यावर पाच-सात मिनिटं थेंब पडू द्या, किल्ली बंद ठेवून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा म्हणजे दातांमध्ये अडकलेलंही खाली येईल. ड्रेन बोल्ट पुसा, नवा वॉशर घाला, आधी दोन-तीन आटे बोटांनी फिरवा. बोटांनी सहज जात नसेल तर तो तिरका बसलाय, काढून परत लावा. मग पान्याने बसता झाल्यावर थोडासा, मनगटाच्या जोरावर. केस ॲल्युमिनियमची आहे, बोल्ट पोलादाचा, लांब पाना घेऊन खांद्याने जोर लावला तर हरणार ॲल्युमिनियमच. टॉर्क रेंच असेल तर उत्तमच, आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

सिरिंजने ऑइल भरा. मापाचं भरल्यावर किंवा लेव्हलच्या भोकाच्या खालच्या काठाशी ऑइल आलं की थांबा. जास्त भरणं हे कमी भरण्याएवढंच वाईट, कारण इथे दाब वाढला की ऑइल सीलमधून निघतं, आणि चाकाच्या बाजूच्या सीलमधून निघालेलं ऑइल थेट मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. आमच्या सोसायटीतल्या काकांच्या स्कूटरचा मागचा ब्रेक लागेनासा झाला, एका गॅरेजात दोनदा लायनर बदलले तरी फरक नाही, शेवटी चाक काढून बघितलं तर आत लायनर ऑइलने चिंब, गियर ऑइल "थोडं जास्तच असू दे" म्हणून कुणीतरी ओतलेलं. ऑइल बाहेर काढून लेव्हलला आणलं, सील आणि लायनर नवे टाकले, तेव्हा ब्रेक आला. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर ऑइल बेल्टच्या कव्हरमध्ये जातं आणि बेल्ट घसरतो. तेव्हा ब्रेक किंवा पिकअप विनाकारण बिघडला तर एकदा इथे बघा.

कास्ट आयर्न बुलेट

ही खरी मजेची गाडी, कारण हिच्यात ऑइलची तीन घरं आहेत, इंजिनाचं, प्रायमरी चेनचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन) आणि गियरबॉक्सचं, आणि तिघांचं ऑइल वेगळं. क्लच प्रायमरीमध्ये असतो, म्हणून तिथे इंजिन ऑइलच्या जातीचं किंवा काही जण वापरतात ते एटीएफ (ऑटोमॅटिक गियरच्या कारचं ऑइल), पण ईपी ९० अजिबात नाही. गियरबॉक्समध्ये क्लच नाही, म्हणून तिथे ८०डब्ल्यू-९० जीएल-४ छान चालतं. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

बदलायची रीत तीच: गाडी फिरवून गरम करा, डबल स्टँड, भरायचं झाकण आधी सोडवा, मग गियरबॉक्सच्या तळाचा ड्रेन बोल्ट. खाली वाकून नीट बघा, कारण पुढे इंजिनाचेही ड्रेन आहेत. इथे ऑइल जाड असतं, अर्धा तास तरी निथळू द्या, चहा पिऊन या. भरताना लेव्हलचा स्क्रू उघडा ठेवून हळूहळू ओता, त्यातून ऑइल बाहेर झिरपायला लागलं की ओतणं बंद करा, जास्तीचं आपोआप निघून जाऊ द्या आणि मग स्क्रू लावा. जाड ऑइल खाली बसायला वेळ घेतं, घाईत ओतलं तर लेव्हल खोटी दिसते, म्हणून पाच मिनिटांनी परत बघा.

आता गळती. जुना अल्बियन बॉक्स गळतो, पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या मागून, किकच्या शाफ्टवरून, कुठून ना कुठून गळतोच. म्हणून जुने मिस्त्री त्यात ग्रीस भरायचे, आणि पूर्वी हा बॉक्स पातळ ग्रीसवर चालायचाच, त्यामुळे त्यांचं सगळं चुकीचं नव्हतं. पण ते ग्रीस म्हणजे वाहणारं, ०० नंबरचं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबलं तर गियर त्यात स्वतःपुरती वाट कापतात आणि फिरत बसतात, ग्रीस बाजूला तसंच राहतं, बुश कोरडे. माझं मत विचाराल तर थेंब-थेंब गळत असेल तर ९० टाका, दर महिन्याला लेव्हल बघा आणि खाली पुठ्ठा ठेवा. जास्तच गळत असेल तर १४० नंबर जीएल-४ टाकून बघा, आणि तरीही डबकं होत असेल तर सील आणि बुशचं काम काढा. हिवाळ्यात पहाटे नाशिक-महाबळेश्वरकडे १४० वर गियर जरा जड पडतील, गरम झाल्यावर ठीक होतं.

आरएक्स, येझदी, चेतक

आरएक्स १०० ला साधारण ६५० मिली, मोजून टाका. चेतक आणि एलएमएल व्हेस्पाला २५० मिली, एसएई ३० चं सांगितलेलं असतं, ते मिळालं नाही तर २०डब्ल्यू-४० जासो एमए टाकून लोक वर्षानुवर्षं चालवतायत. चेतकमध्ये इंजिनाच्या केसला खाली ड्रेन आणि बाजूला भरण्याचा स्क्रू, स्टँडवर सरळ उभी असताना भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं म्हणजे भरलं. येझदीलाही लेव्हलचा स्क्रू आहे, तोच प्रमाण माना.

या गाड्यांचं जुनं ऑइल मोजून बघायची सवय लावा, फार काही सांगून जातं. २५० टाकलं होतं आणि १५० च निघालं, बाहेर गळती नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि प्लग सारखा काळा होतो, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गियरचं ऑइल ओढून जाळतंय. उलट टाकलं त्यापेक्षा जास्त निघालं आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय, तरी गुन्हेगार तेच सील, फक्त दिशा उलटी. दोन्हीत नुसतं ऑइल बदलून काही होणार नाही, सील बदलावं लागेल.

निघालेल्या ऑइलमध्ये काय बघायचं

ऑइल डब्यात पडलं की लगेच ओतून देऊ नका. उन्हात नेऊन डबा तिरका करून बघा, बोटावर घेऊन चोळा. काळपट रंग असला तर काही नाही. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी चिकट लेप असतो, तोही चालतो, दातांची बारीक झीज ती. पण चिमटीत धरता येईल असा तुकडा, चपटी किरच, दाताचा कोपरा निघाला तर गाडी चालवू नका, बॉक्स उघडायलाच हवा. सोनेरी चमक दिसली तर बुश झिजतायत, ऑइल बदलून आवाजाकडे लक्ष ठेवा.

आणि ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात हिंदमाता किंवा सिंहगड रोडला गुडघाभर पाण्यातून स्कूटर काढली असेल तर हे होतं, ब्रीदरच्या (हवा जा-ये करण्याच्या) नळीतून किंवा सीलमधून पाणी शिरतं. अशा वेळी एकदा स्वस्त ऑइल भरून पाच-सहा किलोमीटर फिरवा, ते काढून टाका, मग चांगलं भरा. थांबलात तर बेअरिंगला गंज धरतो आणि मग वेग वाढला की मागून घूं घूं आवाज सुरू होतो, तो ऑइलने जात नाही.

ड्रेनचे आटेच गेलेले निघाले तर एम-सील भरून काम भागवू नका, ते आठवडाभरात सुटतं आणि नेमकं घाटात सुटतं. लेथवाल्याकडे नेऊन हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत होतं.

काम झाल्यावर गाडी थोडी चालवून आणा, दोन्ही बोल्टांवरून कोरडी चिंधी फिरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी खालची फरशी बघा. किती किलोमीटरला बदलायचं हे मॅन्युअल सांगतं, ते हाताशी नसेल तर स्कूटरचं मी दहा हजार किंवा दोन वर्षं यातलं जे आधी येईल त्याला धरतो, टू स्ट्रोक आणि जुन्या बुलेटचं पाच हजारच्या आसपास, आणि पाण्यात गाडी बुडाली तर लगेच. तारीख आणि किलोमीटर मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात नको. बांधकामवाले सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतात, कुणी लाकडाला वाळवीसाठी लावतं, पण त्यातलं बरंचसं शेवटी मातीतच जातं. रिकाम्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ओळखीच्या गॅरेजात द्या, त्यांच्याकडे जळकं ऑइल गोळा करायचा पिंप असतो, तो नेणारा माणूस येतो.